परवानगी आणि मर्यादा

कुराणात लढण्याची परवानगी पहिल्यांदा कुठे येते असं विचारलं, तर बहुतेक भाष्यकार बाविसाव्या अध्यायातल्या ३९ आणि ४० या आयतींकडे बोट दाखवतात. ज्यांच्यावर जुलूम झाला, ज्यांना घरादारातून हाकललं गेलं, त्यांना आता प्रतिकाराची मुभा आहे, असा त्यांचा आशय. मी थबकले ती पुढच्या यादीपाशी. माणसं एकमेकांना रोखू शकली नसती तर काय काय जमीनदोस्त झालं असतं? मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळं आणि मशिदी. मशिदी शेवटी. मी कॅथलिक असल्यामुळे हा क्रम माझ्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

आपल्या मंडळात युद्ध आणि नीती हा विषय निघाला की गीता येते, जिनिव्हा करार येतो, आमच्यातलं कुणी संत ऑगस्टिनला घेऊन येतं. सुरुवातीच्या इस्लामचं नाव निघालं की मात्र चर्चेचं कोर्ट होतं. एक वकील म्हणतो, सगळं स्वसंरक्षणासाठीच होतं. दुसरा म्हणतो, सगळं तलवारीच्या जोरावरच झालं. दोघेही आपापले पुरावे पाठ करून आलेले. साने गुरुजींनी प्रेषितांचं चरित्र मराठीत लिहिलं, विनोबांनी अरबी शिकून कुराणाचं सार काढलं. आपण मराठी साहित्याची मुलं, आपल्याला तरी हा विषय परका वाटायला नको.

आणि हा विषय फक्त पुस्तकातला नाही. जगात कुठेही स्फोट झाला की वर्गातल्या मुस्लिम मुलीला कुणीतरी सहज विचारतं, "तुमच्यात काय लिहिलंय गं नक्की?" मला हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो, वर्षातून एकदा, २ ऑगस्ट जवळ आला की. "तेव्हा तुमचे लोक कुणाच्या बाजूने होते?" आडनाव ऐकूनच प्रश्न तयार असतो. शेकडो वर्षांपूर्वीचा किंवा सत्तर वर्षांपूर्वीचा हिशेब एकवीस वर्षांच्या मुलीने द्यायचा!

तर आधी इतिहास. मक्केतली पहिली जवळजवळ तेरा वर्षं मुसलमानांनी शस्त्र उचललं नाही. बिलालसारख्या गुलामाचा छळ झाला, सुमय्या नावाची बाई जिवानिशी गेली, काही जण समुद्र ओलांडून हबशांच्या ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला गेले. इ.स. ६२२ मध्ये मदिनेला स्थलांतर झालं आणि त्यानंतर परवानगी आली. पण ती आली तीच मर्यादेसकट. दुसऱ्या अध्यायातली १९०वी आयत सांगते की जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा आणि हद्द ओलांडू नका.

हद्द म्हणजे काय, हे उहुदच्या लढाईत कळतं. ६२५ साली तिथे पराभव झाला, प्रेषितांचे काका हमजा मारले गेले आणि त्यांच्या मृतदेहाची विटंबना झाली. परंपरा सांगते की तो देह पाहून प्रेषितांच्या आणि सोबत्यांच्या तोंडून दामदुप्पट सूडाची भाषा निघाली. त्यावर सोळाव्या अध्यायातली आयत आली असं मानतात: बदला घ्यायचाच तर झालं तेवढाच घ्या, पण सोसलंत तर ते अधिक चांगलं. पुढे मृतदेहांची विटंबना करायला मनाई झाली. मला हा प्रसंग सगळ्या युक्तिवादांपेक्षा मोठा वाटतो. शांतपणे खुर्चीत बसून नियम कुणीही करेल. इथे तो नियम आपल्याच माणसाच्या छिन्नविच्छिन्न देहासमोर उभं राहून केलेला आहे.

पहिल्या खलिफांच्या, अबू बक्र यांच्या, सूचना तर प्रसिद्धच आहेत. सीरियाकडे निघालेल्या सेनापतीला त्यांनी बजावलं की बायका, मुलं, म्हातारे यांना मारू नका, फळझाडं तोडू नका, खाण्यापुरतं सोडून जनावरं कापू नका, मठात देवाचं नाव घेत बसलेल्यांना त्यांच्या वाटेला जाऊ द्या. आठव्या शतकातल्या 'मुवत्ता' या ग्रंथात हे नोंदलेलं आहे. त्याच सुमाराला शैबानी नावाचा कायदेपंडित युद्ध आणि तह यांचे नियम लिहीत होता. तो ८०५ मध्ये वारला. युरोपात ज्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणतात त्या ग्रोशियसचं पुस्तक आलं १६२५ मध्ये.

इथे पहिला वकील खूश होतो. पण थांबा. सीरियावरची ती मोहीम स्वसंरक्षण होती का? मला तसं म्हणवत नाही. ते सैन्य दुसऱ्याच्या मुलखात निघालं होतं. बद्रच्या लढाईची सुरुवातसुद्धा मक्केच्या व्यापारी तांड्याला अडवण्यातून झाली. बनू नजीरच्या वेढ्यात खजुराची झाडं तोडली गेली, आणि ६२७ साली बनू कुरैजा या यहुदी टोळीने शरणागती पत्करल्यावर त्यांच्या पुरुषांना ठार करण्यात आलं, बायकामुलांना गुलाम केलं गेलं. त्यांनी वेढ्याच्या काळात करार मोडला होता, हे समर्थन मी वाचलंय. तरी घास घशाखाली उतरत नाही. आणि तीनच वर्षांनी, ६३० मध्ये, मक्का हातात आली तेव्हा जन्माचे वैरी समोर असताना जवळपास सगळ्यांना माफी मिळाली. दोन्ही गोष्टी त्याच दशकातल्या.

(आमच्या घरचंही सांगून टाकते. १०९९ मध्ये क्रूसवाल्यांनी जेरुसलेम घेतलं तेव्हा जी कत्तल केली, तिच्यापुढे ऑगस्टिनची सगळी शिकवण कोरडीच राहिली. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती'मध्ये म्हटलंय की न्याय्य युद्धाचे जुने निकष आज लावणं फार अवघड झालंय. मला ते पटतं.)

माझं म्हणणं असं की आपण दोन प्रश्नांची सरमिसळ करतो. लढायचं कारण बरोबर होतं का, हा एक. लढताना वागणं बरोबर होतं का, हा दुसरा. अबू बक्र यांच्या सूचना मला मोलाच्या वाटतात त्या याचसाठी: कारणाबद्दल वाद घाला, पण झाड तोडायचं नाही म्हणजे नाही. कारण कितीही पवित्र असलं तरी दुसऱ्या प्रश्नातून सुटका नाही. आणि हा नियम शत्रूला ऐकवायला नव्हताच, तो आपल्याच शिपायांसाठी होता.

मग तो आपल्याच गावाला लावून पाहू या की. २२ जुलै १९५४ ला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादराच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला. पुढे नरोली गेलं आणि २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले. सुधीर फडके या लढ्यात होते, पुढच्याच वर्षी त्यांचं गीतरामायण घराघरांत पोचलं. कारण न्याय्य होतं, याबद्दल मला शंका नाही. हा मुलूख पोर्तुगीजांना मुळात पेशव्यांनीच तहात दिला होता, पण इथल्या वारल्यांना आणि कोकण्यांना तेव्हा कुणी विचारलं होतं? तरीही लक्षात ठेवू या की वर्षभराने, १५ ऑगस्ट १९५५ ला, सत्याग्रही निःशस्त्र गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले. मक्केतली ती तेरा वर्षं मला अशा वेळी आठवतात.

आता दुसरा प्रश्न. दादराच्या ठाण्यावर अनिसेतो रोझारियो नावाचा पोलीस अधिकारी मारला गेला. तो सशस्त्र होता, नेमल्या जागेवर होता. लढाईच्या कुठल्याही नियमाने त्याचं मरण गुन्हा ठरत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण त्याचं नाव वर्गात किती जणांना माहीत आहे? आणि ज्यांनी तो हल्ला केला त्यांच्या नेत्यांपैकी एकाचं नाव होतं फ्रान्सिस मस्कारेन्हस, दुसऱ्याचं वामन देसाई. म्हणजे "तुमचे लोक कुणाच्या बाजूने" या प्रश्नाचं उत्तर दादराच्या त्या एका रात्रीत आहे. ठाण्याच्या आत एक रोझारियो, बाहेर एक मस्कारेन्हस.

उहुदनंतर शत्रूच्या मृतदेहालाही हात लावायचा नाही असं ठरलं. आपल्याकडे विटंबना वगैरे काही नाही, नुसती विस्मृती आहे. ती सोपी आहे, कारण तिच्यासाठी काहीच करावं लागत नाही.

मंडळाचं २ ऑगस्टचं भित्तिपत्रक दरवर्षी निघतं. त्यात स्वातंत्र्यसैनिकांची नावं असतात, असायलाच हवीत. यंदाच्या संपादकांना माझी सूचना आहे की दादराच्या चौकटीत मस्कारेन्हस आणि देसाई यांच्याखाली रोझारियो हे नावही छापावं, हुद्द्यासकट. जागा कमी पडत असेल तर माझी कविता काढून टाका.