दर्जा की टीव्ही?



अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या फेररचनेवरील पत्र वाचले. चांगले संघ चांगल्या गटात गेले, त्यात एवढे रडण्यासारखे काय, असा त्याचा सूर आहे. मग नोव्हेंबर २०२२ची आठवण करून देतो. ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या संघाने ३१-१० अशा पिछाडीवरून ओरेगन विद्यापीठाला ३८-३४ असे हरवले. पुढच्याच ऑगस्टमध्ये हरलेल्या ओरेगनला बिग टेन या गटाचे आमंत्रण मिळाले. जिंकलेला संघ मात्र वॉशिंग्टन स्टेटसह ओस पडलेल्या पॅक-१२ या जुन्या गटात मागे राहिला. यात दर्जा कुठे आला? मोजले गेले ते टीव्हीचे प्रेक्षक आणि डॉलर. (एसएमयू या विद्यापीठाने तर एसीसी या गटात शिरण्यासाठी नऊ वर्षांच्या प्रक्षेपण-उत्पन्नावर पाणी सोडले!)

या फेररचनेमुळे वाढलेल्या प्रवासाबद्दल तर पत्रात चकार शब्द नाही. फुटबॉलचा संघ साधारण आठवड्यातून एकदाच खेळतो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींचे सामने कितीतरी जास्त. नव्या गटात लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात सामन्याला जायचे म्हणजे घड्याळ तीन तास पुढे, आणि परतल्यावर वर्ग आहेतच. फुटबॉलपुरते वेगळे गट करून बाकीचे खेळ जुन्या शेजाऱ्यांशीच खेळू द्यायला काय हरकत होती, हे पत्रलेखकांनी सांगावे.

— एक वाचक