मॉनिटरचं पॅनल म्हणजे डोळ्याचं औषध नव्हे

जुलै महिना आला की आमच्या ओपीडीत एक ठरावीक पेशंट दिसू लागतो. गावात सेवा केंद्र चालवणारा, चाळिशी ओलांडलेला, पीक विम्याचे अर्ज भरायला रात्री अकरा-बारापर्यंत कॉम्प्युटरसमोर बसलेला. डोळे लाल, कपाळ ठणकतंय, मान आखडलेली. गेल्या हंगामात गेवराईकडून असेच एक दादा आले. बसता बसताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, 11 हजाराचा आयपीएस मॉनिटर घेतला, डोळ्याला सेफ म्हणून. वरून ब्लू कट चष्मा. तरी डोळे चुरचुरायलेतच."

तपासलं. जवळचा नंबर लागलेला, पण कधी तपासलेला नव्हता. ब्लू कट चष्म्याच्या काचा शून्य नंबरच्या. डोळे कोरडे, कारण टेबल फॅन थेट तोंडावर. आणि रक्तातली साखर बरीच वाढलेली. त्यांना मधुमेह आहे हे त्या दिवशी कळलं. पडद्याच्या तपासणीत रक्ताचे बारीक ठिपकेही दिसले. वर्षभर नजर कधी धूसर, कधी बरी अशी खालीवर होत होती आणि वर्षभर ते मॉनिटरला दोष देत होते. ज्यानं मॉनिटर विकला, त्यानं "डोळे तपासून घ्या" एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

म्हणून आज दुकानात बोलली जाणारी ती तीन नावं समजावून घेऊ: टीएन, व्हीए आणि आयपीएस.

एलसीडी मॉनिटरमध्ये चित्र स्वतः उजळत नाही. मागे पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड असतो. त्याच्या पुढे द्रव स्फटिकांचा पातळ थर असतो, आणि त्या थराच्या दोन्ही बाजूंना उजेड एकाच दिशेनं गाळणाऱ्या पट्ट्या. विजेचा दाब बदलला की स्फटिक वळतात आणि उजेड कमी-जास्त सोडतात. खिडकीच्या झडपा समजा. टीएन, व्हीए, आयपीएस हा फरक फक्त या झडपा कशा वळतात याचा आहे. दिवा तिन्हीच्या मागे साधारण त्याच जातीचा. निळा उजेड येतो तो दिव्यातून. झडपेची जात बदलली म्हणून दिवा औषधी होत नाही.

आयपीएस हिताचीनं 1996 साली बाजारात आणलं ते कशासाठी? टीएनचा पडदा बाजूनं पाहिला की रंग उडतात, खालून पाहिला तर काळ्याचं पांढरं दिसायला लागतं, ही खोड घालवण्यासाठी. व्हीए त्याच काळातलं. त्यात काळा रंग जास्त गडद दिसतो: साध्या आयपीएसमध्ये पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण हजाराला एक, तर व्हीएमध्ये तीन हजाराला एकच्या आसपास. अंधारात सिनेमा बघणाऱ्याला व्हीए आवडेल. या सगळ्या खटाटोपात डोळ्याच्या आजाराचा विचार कुठेच नव्हता. तो नंतर जाहिरात लिहिणाऱ्यांनी घातला.

मग आयपीएस घेऊ नये का? जरूर घ्या, पण खरं कारण ओळखून घ्या. सेवा केंद्रात एकच पडदा दोघं बघतात: तुम्ही समोरून, शेतकरी बाजूच्या स्टुलावरून. टीएनवर त्याला आपल्याच सातबाऱ्याचा गट नंबर नीट दिसत नाही, मग पडदा फिरवा, मान वाकवा. आयपीएसवर दोघांनाही सारखं दिसतं. माझ्या टेबलावरही आयपीएसच आहे, कारण पडद्याचा फोटो नातेवाइकांना दाखवावा लागतो. ही सोय झाली. हिला उपचार म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि मी तो शब्द विचार करून वापरतोय.

आता निळा उजेड. चष्म्याच्या दुकानात एक पेन काढतात, त्याचा निळा-जांभळा झोत साध्या काचेतून आरपार जातो आणि ब्लू कट काचेवर अडतो. गिऱ्हाईक खूश. त्या पेनाचा उजेड बहुधा 405 नॅनोमीटरचा, जांभळ्याच्या टोकाचा असतो. मॉनिटरचा निळा असतो 450 च्या आसपास. एक अडला म्हणून दुसरा अडतोच असं नाही. मॉनिटरचा निळा पूर्ण अडवणारी काच गडद पिवळी-नारिंगी दिसली असती आणि ती घालून कोणी लग्नाला गेलं नसतं. जवळपास पारदर्शक दिसणाऱ्या काचा निळा उजेड साधारण 10 ते 25 टक्केच गाळतात. 2023 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं 17 चाचण्या एकत्र तपासल्या. अशा काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं त्यात दिसलं नाही. ब्रिटनमध्ये तर एका मोठ्या चष्मा कंपनीला याच प्रकारच्या जाहिरातीबद्दल 2017 साली 40 हजार पौंड दंड झाला.

आणि प्रमाणाचं काय? 24 इंची मॉनिटर पूर्ण पांढरा करून दोन फुटांवर बसलात तर चेहऱ्यावर जेमतेम 100 लक्स उजेड पडतो. बीडच्या मे महिन्यातल्या दुपारी उघड्यावर तोच आकडा लाखाच्या घरात असतो. निळ्या उजेडानं डोळे जळत असते तर कापूस वेचणाऱ्या आमच्या बायांचे आधी जळाले असते. त्यांना ब्लू कट विकायला कोणी जात नाही, हा भाग वेगळा.

"पण डॉक्टर, नाइट मोड लावला की बरं वाटतं हो." वाटेलच. पडदा मंद आणि ऊबदार दिसतो, डोळ्यावर कमी येतो. खुशाल लावा, त्याला पैसे पडत नाहीत. झोपेआधी झगझगीत पडदा नको, हेही खरंच.

मॉनिटरच्या दोन गोष्टी मात्र डोळ्याला खरोखर जाणवतात, आणि दुकानदार त्या क्वचितच सांगतो. पहिली लुकलुक. काही स्वस्त मॉनिटरमध्ये उजेड कमी केला की मागचा दिवा खरोखर मंद होत नाही, तो फार वेगानं बंद-चालू होत राहतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. दुकानातच पडदा पांढरा करा, उजेड कमी करा आणि समोर पेन्सिल जोरात हलवा. पेन्सिलीच्या जागी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो मॉनिटर ठेवून द्या. एकसलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. ही खोड टीएनमध्येही असू शकते आणि आयपीएसमध्येही, कारण ती पॅनलची नाही, दिव्याची आहे.

दुसरी गोष्ट अक्षरं. आपली देवनागरी बारीक कामाची लिपी. रफार, अनुस्वार, रुकार, वेलांटी, सगळं एका अक्षराभोवती. 27 इंची मोठा पडदा घेतला पण ठिपके तेच 1920 बाय 1080, तर दर इंचाला जेमतेम 82 ठिपके उरतात. 24 इंचीत तेच 92 होतात. इंग्रजी चालून जातं, पण आडनावातला अनुस्वार आहे की धूळ, ते कळत नाही आणि अर्जात चूक होते. मोठा पडदा हवाच असेल तर ठिपकेही वाढवून घ्या, किंवा लहान पडद्यावर अक्षर मोठं करा. पडदा चकचकीत नको, मॅट हवा, नाहीतर मागच्या शटरमधलं ऊन त्यात दिसत राहतं.

बाकी सगळं तुमच्या खुर्चीत आहे. माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो, पडद्याकडे टक लावली की ते निम्म्याहून कमी होतं. त्यात आपली कोरडी हवा आणि तोंडावर पंखा. पंखा पायाकडे वळवा. दर वीस मिनिटांनी रस्त्यापलीकडचं काहीतरी बघा, पापण्या मुद्दाम पूर्ण मिटा. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा: पडदा दिव्यासारखा चमकला तर उजेड कमी करा, मळकट दिसला तर वाढवा.

चाळिशीनंतर आणखी एक घोळ होतो. वाचायचा चष्मा फूट-सव्वा फुटासाठी केलेला असतो, मॉनिटर असतो दोन फुटांवर. मग बायफोकलच्या खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर होते, मान दुखते, आणि माणूस मानेचा एक्स-रे काढून येतो. चष्म्याचा नंबर काढताना पडद्याचं अंतर सांगा. येताना दोरीनं मोजून आणलंत तर आणखी चांगलं.

लातूरला नीटच्या क्लासला मुलं ठेवणारे पालकही विचारतात, कोणतं पॅनल घेऊ? मुलांचा नंबर वाढण्यामागे तासन्‌तास जवळचं काम आणि उघड्यावर न जाणं ही कारणं जास्त मोठी. रोज दोन तास बाहेरचा उजेड मिळाला तर फायदा होतो, आणि तो कोणत्याच पॅनलमधून येत नाही.

ते दादा आता गोळ्या घेतात, ठरलेल्या तारखेला पडदा तपासायला येतात. साखर आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांनी नंबर पुन्हा काढला, कारण साखर खालीवर होत असताना काढलेला नंबर टिकत नाही. मॉनिटर तोच आहे. ब्लू कट चष्मा ड्रॉवरमध्ये पडून आहे.

तुमची नजर दिवसागणिक बदलत असेल, साखर असेल आणि वर्षभरात पडदा तपासला नसेल, तर आधी तपासणी, मग दुकान. आणि डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस सुरू झाला किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याचा मॉनिटरशी काहीही संबंध नाही. अर्जाचं काम तसंच सोडा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.