हिरवी वायर कापू नका

गेल्या चतुर्थीला माझा पुतण्या मुंबईहून कसालला येताना लोहार चाळीतून पितळेचा दिवा घेऊन आला. पडवीतली ट्यूबलाइटची पट्टी पावसाने गंजली होती, तिच्या जागी लावायला. दिव्याला तीन वायरी होत्या : तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. भिंतीवरच्या जुन्या लाकडी पट्टीतून मात्र दोनच वायरी आल्या होत्या आणि दोन्ही लाल. वायरमन शिडीवर चढला, पक्कड काढली आणि म्हणाला, "बाई, ह्या हिरव्या वायरीचा काय काम नाय. कापून टाकतंय."

मी त्याला खाली उतरायला सांगितलं.

त्याचं म्हणणं एका अर्थाने खरं होतं. हिरव्या वायरीवाचून दिवा पेटतो. पण दिवा पेटला म्हणजे काम झालं, ही समजूतच आपल्या घरांमध्ये माणसं मारते. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडच्या वर्षांचे आकडे सांगतात. हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. आतली फेजची वायर कधी सैल होऊन पितळेला टेकली, तर तो प्रवाह जमिनीत नेणं हे तिचं काम. ती कापलेली असेल, तर दिवा आधीसारखाच पेटत राहतो आणि त्याचं अंग 230 व्होल्टवर कोणाच्या तरी हाताची वाट बघतं. आमच्या पडवीत तो हात भिजलेलाच असणार. मिरगापासून चतुर्थीपर्यंत इथे चिऱ्याची भिंत सुकत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभा तो पिऊन बसतो.

मी हायस्कूलमध्ये तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ओहमचा नियम किती पोरांकडून पाठ करून घेतला, त्याची गणती नाही. तोच इथे लावून बघा. ओल्या अंगाचा रोध 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला अंगातून 0.23 अँपिअर प्रवाह जातो. माणूस मरायला तेवढा पुरतो. बोर्डावरच्या 6 अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तो बसवलेला असतो वायर जळू नये म्हणून.

बरं, अर्थिंगचा खड्डा आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर तेही नाही. जांभ्यात खणलेला खड्डा मे महिन्यात कोरडाठाक पडतो. त्याचा रोध 50 ओहमवर गेला, की दिव्याच्या अंगातून जमिनीत 4.6 अँपिअरच जाणार. 6 चा एमसीबी पडणारच नाही. म्हणून आपल्याकडे अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवाच. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो क्षणात पुरवठा तोडतो. मला त्याला दोन हजारांच्या आसपास खर्च आला. पितळेचा दिवा त्याहून महाग होता.

दिवा बदलणं हे घरच्या माणसाचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. कायद्यालाही ते मान्य आहे. विजेचं काम परवानाधारक कंत्राटदारानेच करायचं, असं सांगणाऱ्या 1956 च्या भारतीय वीज नियमांतल्या 45 व्या नियमाने दिवे, पंखे, फ्यूज, बटणं बदलण्याला सूट दिली होती. अट एकच : जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमांतही ती सूट राहिली. म्हणून मीही तसंच केलं. बोर्डापासून पडवीपर्यंत अर्थिंगची नवी वायर परवानाधारक माणसाकडून ओढून घेतली, दिवा मात्र स्वतः जोडला.

जोडण्याआधी बटण बंद करून टेस्टर लावला, तर तो पेटला. म्हणजे इतकी वर्षं बटणावर फेजऐवजी न्यूट्रल होता आणि बंद दिव्यातही वीज उभी होती. त्याच पट्टीखाली स्टुलावर चढून मी किती वेळा स्टार्टर बदलला असेन! बोर्डातली ती चूकही त्याच माणसाकडून सुधारून घेतली आणि मग मेन स्विच पाडला. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, तोही बंद केला. मेन पाडला तरी इन्व्हर्टर वीज देतच राहतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. टेस्टर चालू प्लगवर पेटतो का ते मेन पाडण्याआधीच बघितलं होतं, मग तो कामाच्या वायरींना लावला आणि पुन्हा एकदा प्लगवर तपासण्यासाठी मेन थोडा वेळ चालू केला. बिघडलेला टेस्टरही पेटत नाही, म्हणून हा खटाटोप.

रंगांवरही विसंबू नये. आपल्या जुन्या पद्धतीत लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल. नव्या दिव्यांत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते, तर आपल्या थ्री-फेजमध्ये निळी वायर स्वतःच फेज असते. अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या दिव्याला अर्थिंग लागत नाही. धातूच्या अंगावर ती खूण नसेल, तर हिरवी वायर जोडल्याशिवाय तो दिवा लावू नये.

हे सगळं आठवीतल्या मुलाला कळण्याजोगं आहे. तरीही मी शाळेत होते तोवर एकाही मुलीला बोर्ड उघडून दाखवला नाही, याची मला आज खंत वाटते. माझं मागणं साधं आहे. चतुर्थीच्या आधी ग्रामपंचायतींनी वाडीवाडीत एक दिवस ठेवावा. जिल्ह्यातल्या आयटीआयमधली वीजतंत्रीची मुलं त्यांच्या शिक्षकांबरोबर घरोघर जाऊन अर्थिंग आणि आरसीसीबी तपासू शकतील. गणपतीवर टांगलेल्या माटवीला ओली पानं, फळं, कवंडळं बांधून त्यांतूनच आपण दिव्यांच्या माळा सोडतो आणि खाली सगळं घर आरतीला उभं असतं. तेव्हा ही तपासणी त्याआधीच व्हायला हवी.

आरसीसीबीवर 'टी' अक्षराचं एक छोटं बटण असतं. ते दाबल्यावर घरातली वीज गेली, तर तो जागा आहे असं समजायचं; गेली नाही, तर त्याच दिवशी माणूस बोलवायचा. आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते बटण दाबायचं काम सहावीतल्या नातीकडे आहे. काळोख झाला की ती माजघरातून ओरडून सांगते, "आजी, चालता हा!"