न तपासता निवाडा

जोयडा तालुक्यातील देवळांतून अपत्यासाठी नवस बोलले जातात, त्याला आमची हरकत नाही. आमचा आक्षेप आहे तो सारा दोष सुनेच्या पदरी घालण्याला. तिला वांझ म्हणून ओटीच्या मानातून वगळावे आणि तिच्या पतीची साधी वीर्यतपासणीही होऊ नये, हा कोठला धर्म? निपुत्रिक जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत कारण, एकटे वा अंशतः, पुरुषाकडे असते, असे वैद्यक सांगते.

न तपासता केलेला निवाडा किती घातक ठरतो ते पाहा. शरीराबाहेर फलित करून गोठविलेल्या गर्भापासून डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात कन्याजन्म घडविला. सरकारी समितीने त्यांना खोटे ठरविले. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी जन्मलेली कन्या भारतातील पहिली म्हणून गाजली. परंतु मुखोपाध्यायांची टिपणे अभ्यासून आनंदकुमारांनी १९९७ साली तो अग्रमान स्वतः होऊन त्यांना दिला.

पुरावा पाहून एका संशोधकाने आपली कीर्ती सोडली. आमच्या पुरुषांना तपासणीपुरता अहंकार सोडवत नाही काय? आणि तपासणीचा निकाल काहीही लागो, देवीपुढे त्या सुवासिनीची ओटी भरलीच पाहिजे. देवस्थानच्या मानकऱ्यांनी हे आपल्या मंडपात उघडपणे सांगावे, एवढीच आमची मागणी आहे.