राक्षसांचे आप्तस्वकीय

महाकाव्यातील राक्षस हा केवळ नायकाच्या हातून मरण्यासाठीच जन्मास येतो, अशी पुष्कळांची समजूत असते. स्नेहसंमेलनातील नाटुकल्यांत तर काजळ, मिशा आणि गडगडाटी हास्य यांपलीकडे त्याच्या वाट्यास काही येत नाही. आम्हांस ही समजूत मान्य नाही. ग्रीकांचा होमर आणि आपला वाल्मीकी या दोघांनीही राक्षसास आप्त दिले आहेत, आणि त्यांच्या काव्यांतील वैर पेटते ते त्या आप्तांमुळेच, असे आमचे मत आहे.

‘ओडिसी’चा नववा सर्ग पाहा. ट्रॉयच्या युद्धानंतर घरी निघालेला ओडिसियस बारा निवडक सोबत्यांसह एकाक्ष पॉलिफीमसाच्या गुहेत शिरतो. मालक घरी नाही. सोबती म्हणतात, चीज उचलू आणि परत फिरू. पण नायकास यजमानाकडून भेटवस्तू हवी असते! राक्षस येतो, गुहेच्या तोंडास प्रचंड शिळा लावतो आणि दोन दोन करून सहा सोबती खाऊन टाकतो. ओडिसियस आपले नाव ‘कोणी नाही’ असे सांगतो, त्यास मद्य पाजतो आणि तापलेल्या ऑलिव्हच्या खुंट्याने त्याचा डोळा फोडतो. आक्रोश ऐकून शेजारचे सायक्लॉप्स धावून येतात. “कोण छळतो तुला?” “कोणी नाही!” बिचारे परत जातात.

येथवर सारे चातुर्याने पार पडले. परंतु गलबत दूर जाताच ओडिसियसास राहवत नाही. सोबती विनवीत असताही तो आपले नाव, बापाचे नाव आणि गाव ओरडून सांगतो. पॉलिफीमसाचा पिता म्हणजे साक्षात् समुद्रदेव पोसायडन. आंधळा पुत्र पित्यास मागणे मागतो, की हा घरी पोहोचलाच तर उशिरा, एकाकी, परक्याच्या गलबतातून पोहोचो. तसेच घडते. सोबत्यांपैकी एकही इथाकेस परतत नाही. पुढे सहा तोंडांनी सहा खलाशी उचलणाऱ्या सिलेलाही होमराने आई दिली आहे, आणि तिच्या पुन्हा होणाऱ्या हल्ल्यापासून वाचावयाचे तर त्या आईचाच धावा कर, असे सर्सी ओडिसियसास सांगते.

आता ग्रीसच्या सागरावरून पंचवटीस येऊ. शूर्पणखा रामाकडे येते, राम तिची थट्टा करून तिला लक्ष्मणाकडे पाठवितो, लक्ष्मणही तीच थट्टा चालवितो. थट्टा न उमजून ती सीतेवर धावते आणि नाककान गमावून बसते. अशांशी थट्टा करू नये, हे राम स्वतःच त्या क्षणी लक्ष्मणास सांगतो. पण थट्टा होऊन गेलेली असते. शूर्पणखेलाही भाऊ आहेत. प्रथम जनस्थानातील खर चौदा सहस्र राक्षसांसह उठतो, आणि त्याच्यानंतर लंकेचा रावण.

या ठिकाणी आमच्या वडोदऱ्याचा अभिमानाने उल्लेख करावासा वाटतो. येथील प्राच्यविद्या मंदिराने १९५१ साली हाती घेतलेली वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९७५ पर्यंत सात खंडांत पुरी झाली. त्यांपैकी दिवाणजींनी संपादिलेले अरण्यकांड १९६३ चे. प्रचलित पोथ्यांत खराच्या वधाची वार्ता प्रथम अकंपन नावाचा राक्षस रावणास सांगतो. वडोदऱ्याच्या संहितेत तो सर्ग मूळ पाठात नाही. तेथे लंकेस जाते ती विद्रूप झालेली बहीणच. आम्हांस ही संहिता अधिक हृदयस्पर्शी वाटते.

यावरून राक्षस निर्दोष ठरतात असे नव्हे. सहा माणसे खाणाऱ्याची वकिली कोण करील? शिवाय पॉलिफीमसाची सारी हकीकत आपण ऐकतो ती ओडिसियसाच्याच तोंडून; राजा अल्किनोअसच्या दरबारात तोच ती सांगतो. ही एकतर्फी साक्ष झाली. पण होमराचे मोठेपण असे, की त्याच साक्षीदाराकडून त्याने एक वेगळी गोष्टही वदवून घेतली. सकाळी मेंढ्या बाहेर पडतात, तेव्हा ओडिसियस मोठ्या मेंढ्याच्या पोटास लोंबकळलेला असतो. आंधळा राक्षस त्या मेंढ्याची पाठ चाचपतो आणि त्यास विचारतो, की रोज सर्वांपुढे धावणारा तू आज मागे का राहिलास, धन्याच्या डोळ्याचे दुःख तर करीत नाहीस ना?