पिंडिकोद्वेष्टन आणि कॅल्शियमचा हिशेब

रात्री पोटऱ्यांत गोळे येतात अशी तक्रार घेऊन रुग्ण आला, की प्रवाळ, शंख, गोदंती यांपैकी एखादे भस्म लिहून देण्याची प्रथाच आपल्यात पडली आहे. कारण विचारल्यास उत्तर ठरलेले : 'कॅल्शियम कमी झाले आहे.' काही फार्मसींच्या माहितीपत्रकांतही 'कॅल्शियममुळे मांसपेशींना बळ' असे छापलेले आढळते. आमच्या मते हा युक्तिवाद शरीरक्रियेच्या कसोटीस उतरत नाही. (व्यवहारात स्नायू म्हणतात, परंतु संहितांतील स्नायु निराळा, म्हणून मांसपेशी हाच शब्द आम्ही योजतो.)

आकुंचनास कॅल्शियम अनिवार्य आहे, हे खरेच. जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात ट्रोपोनिन हे प्रथिन शोधून त्याचा मार्ग दाखविला. नाडीतंतूचा संदेश पोहोचताच मांसतंतूच्या अंतर्गत जालिकेत साठविलेले कॅल्शियम सुटते व ट्रोपोनिनशी संयोग पावते. त्यामुळे ट्रोपोमायोसिनचा अडसर सरकतो आणि मायोसिनची शीर्षे ॲक्टिनचा तंतू धरून ओढतात. हेच ते सेतुबंध. ही पकड सुटण्यासाठी शीर्षास एटीपीचा नवा रेणू मिळावा लागतो, आणि कॅल्शियम जालिकेत परत भरण्यासही एटीपीच खर्ची पडते. म्हणजे शैथिल्यसुद्धा फुकट मिळत नाही! मृत्यूनंतर काही तासांत देह ताठरतो, तो एटीपी संपून सेतुबंध सुटू न शकल्यामुळेच.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हे कॅल्शियम मांसतंतूच्या स्वतःच्या कोठारातील असते. हृदयाची गोष्ट वेगळी. त्यास बाहेरील कॅल्शियम लागते, हे सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखविले. अस्थींना जोडलेल्या मांसपेशींचे तसे नाही. रक्तातील कॅल्शियम फार घटले तर नाडीतंतू अतिउत्तेजित होऊन हाताची बोटे आखडतात, ढिली पडत नाहीत. उलट ते फार वाढले तर दौर्बल्य येते. मग 'कॅल्शियमने बळ' हे समीकरण उरले कोठे?

आम्हीही या दोषातून मुक्त नाही. एका वृद्ध गृहस्थांना आम्ही तीन महिने प्रवाळपंचामृत देत राहिलो. रक्त तपासले तेव्हा कॅल्शियम प्राकृत आणि पोटॅशियम उणे. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी ते नित्य घेत होते. ती चौकशी आम्ही पहिल्याच दिवशी करावयास हवी होती.

भस्मांविषयी आमची तक्रार नाही. अम्लपित्तात, परिणामशूलात शंखभस्म आम्ही आजही निःशंकपणे देतो. पिंडिकोद्वेष्टन चरकांनी वातविकारांत गणले आहे. अभ्यंग-स्वेदनाचा विचार तेथे आधी व्हावा, आणि रुग्ण अन्य कोणती औषधे घेतो हे केसपेपरवर प्रथम नोंदले जावे. फार्मसीचालकांस विनंती एवढीच, की माहितीपत्रकाच्या पुढील छपाईत ते एक वाक्य गाळावे.