हास्याचे मोल आणि बाजाराचे माप

अमेरिकेतील ‘फॉक्स’ वाहिनीवर नोव्हेंबर २००३ मध्ये ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ ही विनोदी मालिका सुरू झाली. घरबांधणीच्या धंद्यात गबर झालेल्या ब्लूथ कुटुंबाची ती कथा. कंपनीचा पैसा घरचाच मानणारा बाप पहिल्याच भागात गजाआड जातो आणि कष्टाची सवय नसलेले त्याचे गणगोत गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी उभारलेल्या नमुन्याच्या घरात आसरा घेते. तेही कच्च्या बांधणीचे निघते. याच बापाने सद्दाम हुसेनसाठी इराकमध्ये घरे बांधल्याचे पुढे उघडकीस येते. एन्रॉनचे दिवाळे डिसेंबर २००१ मध्ये निघाले होते, तर इराकवर अमेरिकेचे आक्रमण मार्च २००३ मध्ये झाले होते. दाभोळचा लढा पाहिलेल्या कार्यकर्त्यांना या उपहासाचा रोख समजावून सांगण्याची गरज नाही.

२००४ साली सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचे एमी पारितोषिक तिला मिळाले. समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. तरीही ‘प्रेक्षक कमी’ या एका कारणास्तव ती बंद पडण्याची टांगती तलवार कायम राहिली. दुसऱ्या वर्षीचे २२ भाग कापून १८ करण्यात आले, तिसऱ्या वर्षी १३ वर बोळवण झाली. अखेरचे चार भाग १० फेब्रुवारी २००६ च्या रात्री, दुसऱ्या वाहिनीवर तुरिनच्या हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा चालू असताना, एकदम उरकून टाकण्यात आले.

पहिल्या वर्षी या मालिकेला ६० लाखांच्या आसपास प्रेक्षक होते. एवढ्या माणसांना आवडणारी वस्तू ‘अपयशी’ कशी ठरते? कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्माइथ यांनी १९७७ साली याचे मर्म सांगितले होते. व्यापारी दूरचित्रवाणीत प्रेक्षक हा गिऱ्हाईक नसतो, तोच विकला जाणारा माल असतो. गिऱ्हाईक असतो जाहिरातदार, आणि कार्यक्रम हे केवळ आमिष. तेव्हा नील्सन कंपनी निवडक घरांच्या नमुन्यावरून काढते ते आकडे कलाकृतीचे मोल सांगत नाहीत. विक्रीस काढलेला माल किती, एवढेच ते सांगतात. एखादा मनुष्य मालिकेची आठवडाभर वाट पाहतो, दुसरा पेंगत तिच्यासमोर बसतो. मोजणीत दोघेही सारखेच.

यावर आक्षेप येतो की, लोकांना नको असलेले त्यांच्या माथी का मारावे? बहुमताचा कौल मानणे हीच लोकशाही नव्हे काय? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु या मतदानात प्रत्येकाच्या मताची किंमत समान नसते. अमेरिकन जाहिरातदार वर्षानुवर्षे १८ ते ४९ वयाच्या प्रेक्षकाला अधिक भाव देत आले. त्यापलीकडचा वृद्ध आणि खिसा रिकामा असलेला गरीब यांच्या पसंतीला त्या हिशेबात फारशी जागा नाही. ज्या निवडणुकीत मताचे वजन क्रयशक्तीवर ठरते, तिला लोकशाही म्हणता येणार नाही.

हीच मालिका २०१३ साली नेटफ्लिक्सने पुन्हा सुरू केली, कारण तेथे उत्पन्न वर्गणीचे होते. माप बदलताच ‘अपयशी’ मालिका किफायतशीर ठरली. अर्थात हा न्याय वर्गणी भरू शकणाऱ्यांपुरताच.

आकडे कमी असले की उपहास बुडतो. मग आकडे चांगले असले की तो तरतो काय? जुलै २०२५ मध्ये ‘सीबीएस’ वाहिनीने स्टीफन कोल्बेर यांचा ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. त्या वेळेच्या कार्यक्रमांत तो प्रेक्षकसंख्येने आघाडीवर होता. निर्णय निव्वळ आर्थिक असल्याचे वाहिनीने सांगितले. रात्रीच्या कार्यक्रमांचे जाहिरात उत्पन्न घटत होते, हे खरेच आहे. परंतु वाहिनीच्या मालक कंपनीने ट्रम्प यांच्याशी १ कोटी ६० लाख डॉलर देऊन केलेल्या तडजोडीला कोल्बेर यांनी लाच म्हटले, त्याला तीनच दिवस झाले होते. त्याच कंपनीचे विलीनीकरण तेव्हा सरकारी मंजुरीसाठी अडून होते. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. तथापि ज्याची भाकरी मालकाच्या नफ्यावर आणि मालकाचा नफा सत्तेच्या मर्जीवर अवलंबून, त्या विदूषकाला आकड्यांचे कवच पुरत नाही, एवढे निश्चित.

त्याच आठवड्यात अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले. म्हणजे बाजाराबाहेरची जी जागा होती, तीही आखडली. आपल्याकडे प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि १९९७ मध्ये अमलात आला. स्वायत्ततेचे आश्वासन कागदावर आहे, थैली मात्र सरकारच्या हाती. म्हणून केवळ ‘सरकारी वाहिनी हवी’ असे म्हणून आपले भागणार नाही. जाहिरातदार आणि मंत्री या दोघांच्याही हातापलीकडचा, कायद्याने बांधलेला निधी असलेली सार्वजनिक प्रसारण व्यवस्था ही आपली मागणी असली पाहिजे. धनिकांवर आणि सत्ताधाऱ्यांवर हसण्याचा अधिकार हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि तो त्यांच्याच मेहेरबानीवर सोडता येत नाही.